बांगड्या काढून भरलेलं गाणं

आवाज साफ पाहिजे, असं कुणी म्हणालं की मला थुंकावंसं वाटतं. जन्मभर मी माईकचा धंदा केला. लग्नं, सप्ते, सभा, पोळ्याची मिरवणूक, कुणाच्या मयताची खबर, सगळं माझ्या भोंग्यातून गेलं, आणि जन्मभर हेच एक ऐकत आलो. ज्यांच्या दारापुढची नाली कधी साफ झाली नाही, त्यांनाही आवाज साफ पाहिजे.

मी चौथी शिकलेला. शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यात राहतो. बायको जाऊन आता वर्ष भरत आलंय. वर्षाच्या कार्यक्रमाची तयारी लेक करून राहिली आहे. ती लातूरला दिलेली. पंधरा दिवसांमागं ती आली होती, तेव्हा मला न विचारता माझ्या पेटीतली एक जुनी कॅसेट घेऊन गेली. त्या कॅसेटीत माझ्या बायकोचा आवाज आहे. दुसरीकडं कुठंच नाही. माईक असो, मशीन असो, मोबाइल असो, कशापुढंच ती पुन्हा तोंड उघडायला तयार झाली नाही. त्याला कारण मी. तेच सांगायला ही वही घेऊन बसलोय.

आधी दुष्काळ. बहात्तरचा. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. ती कंधारकडची, डोंगराच्या पायथ्याची. विहिरी तळाला गेल्या तेव्हा आम्ही दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. खायला मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची लाल भाकर, आणि वरून सरकारनं वाटलेली सुकडी. सुकडीचा तो वास अजून नाकातून गेलेला नाही. आता लोक त्या दिवसांची गोष्ट गोड करून सांगतात, म्हणतात माणसात एकी होती. कसली एकी? पाण्याच्या टँकरवर बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि बाप्ये लांबून बघत विडी ओढायचे. त्यात मीही होतो.

ती मात्र गायची. मांडीपुढं दगड, हातात हातोडी आणि तोंडात ओवी. जात्यावरच्या ओव्या तिला आईकडून आल्या होत्या. पण जात्यात घालायला दाणे नव्हते, म्हणून ती चाल तिने खडीवर आणली. शब्द तिचेच.

खडीचा गं ढीग, माझ्या खांद्याला लागला
मुकादमाच्या मापाला, वीतभर दिसला

दगडाच्या अंगाला, उन्हानं सुटला घाम
सायबाच्या कपाळाला, पुसायाचं न्हाई काम

हातोडी पडली की मनगटातल्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. ठोका, बांगड्या, शब्द. ठोका, बांगड्या, शब्द. मुकादम शेजारी उभा राहून ऐकायचा आणि मान डोलवायचा. ओवी आपल्यावरच आहे हे त्या बैलाच्या ध्यानात यायचं नाही. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या सगळ्या घाणीत मला आठवावं वाटतं असं एवढंच.

दुष्काळ सरल्यावर मी शेतात परत गेलो नाही. लातूरला एका भोंगेवाल्याच्या हाताखाली लागलो. पुढं माझा स्वतःचा सेट झाला, एक अँप्लिफायर, दोन भोंगे, एक माईक. तिथं एक गोष्ट शिकलो. माणसाचा कान लबाड असतो, नको ते त्याला ऐकूच येत नाही. माईकला ती लबाडी जमत नाही. गाणारा, पंखा, बैलगाडी, शेजारच्या म्हाताऱ्याची खाकर, सगळं तो एकाच मापानं आत घेतो. त्यामुळं माईकवाल्याचं अर्धं काम आवाज बंद करण्याचंच असतं. वारा असला की माईकच्या तोंडाला रुमाल बांधायचा. गाणाऱ्याला वीतभर अंतरावर आणायचं आणि बटन कमी ठेवायचं. लांब बसवून बटन वाढवलं की सगळा गाव आत येतो. घुंऽऽ असा आवाज निघाला की अर्थिंगची सळई जमिनीत ठोकायची आणि तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. आमच्याकडची उन्हाळ्यातली जमीन एवढी कोरडी, की कळशीभर पाणी पिऊनही घुंऽऽ जायचा नाही. लोक शिव्या द्यायचे, भोंग्यासाठी पाणी नासून राहिला म्हणायचे. बरोबरच होतं त्यांचं.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून तोडून वेगळा काढला. कमानी, हार, भाषणं, माझ्या सेटला उसंत राहिली नाही. नवी कचेरी, नवे साहेब. भिंतींना ओल्या चुन्याचा वास यायचा आणि खुर्च्यांवरचं प्लास्टिक कुणी काढलेलं नसायचं. साहेब लोक त्या प्लास्टिकवरच बसायचे, घामानं चिकटायचे, उठताना चर्रकन आवाज यायचा, तरी काढायचे नाहीत. नवेपणा दिसायला पाहिजे ना.

त्यातल्या एका साहेबाच्या मनात आलं, की समारंभात दुष्काळातली गाणी वाजवावीत, म्हणजे आपण कुठून कुठं आलो हे लोकांना कळेल. खडी फोडलेली, गाणारी एखादी बाई आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी छाती पुढं काढली. घरचीच हाय म्हणालो.

घरची नको म्हणाली. ती गाणी मुकादमाला शिव्या घालायला होती, साहेबाला हार घालायला नव्हती, असं तिचं म्हणणं. मी ऐकलं नाही. साहेबांना शब्द देऊन बसलो होतो.

जागा मी शोधली, आणि तेव्हा मला त्या अकलेचा लई गर्व होता. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईच्या मागं ओळखीच्या अडत्याचं गोदाम होतं. तीन बाजूंनी तुरीची पोती छतापर्यंत, चौथ्या बाजूला मोकळ्या बारदानाचे गठ्ठे. पोत्यात आवाज मुरतो, भिंतीवर आपटून परत येत नाही. दार लावून घेतलं, फटींत बारदान कोंबलं. पंखा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून उतरवून बाहेर ठेवलं. लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून साहेबांचं टेपरेकॉर्डर सेलवर चालवलं आणि लांब वायर जोडून माईकपासून दूर ठेवलं, कारण त्याच्या मोटारीची घरघरसुद्धा माईक सोडत नाही. हमालांना सांगून आलो की तासभर हातगाडा इकडं आणू नका. एकाने विचारलं, का हो, आत बाळंतीण हाय का?

आत भट्टी झाली. तुरीची धूळ, किड्यांनी पोखरलेल्या दाण्यांचा वास, तिघांचा घाम. साहेबांनी कानाला हेडफोन लावले आणि नाकाला अत्तराचा रुमाल. ती एका पोत्यावर बसली, मी माईक तिच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर बांधला आणि बटन दाबलं.

पहिली ओवी तिने मान खाली घालून म्हटली. दुसरीला तिचा उजवा हात उठला. दगड नव्हता, हातोडी नव्हती, पण हात मांडीवर ठोके घालायला लागला, कारण ठोक्याशिवाय तिला पुढचा शब्दच यायचा नाही. बांगड्या वाजायला लागल्या. पाच ओव्या झाल्या, सहावी लागली. मला ते रस्त्याचं काम, ते ऊन, सगळं समोर दिसून राहिलं होतं.

साहेबांनी हात वर केला. थांबा, हे काय वाजतंय काचेसारखं? मी म्हणालो, बांगड्या. साहेबांनी अन्नात केस निघाल्यासारखं तोंड केलं. मग तिच्याकडं न बघता मला म्हणाले, यांना काढायला सांगा ना.

एवढा शिकलेला माणूस. त्याला माहीत नसेल असं मी मानत नाही. नवरा जिता असताना बाईचं मनगट मोकळं होत नाही. नव्या बांगड्या भरतानासुद्धा कासारीण एक जुनी हातात राहू देते, मगच बाकीच्या काढते. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, देव अंगावरच असतो, अशुभ काही नसतं असं आमचे स्वामी सांगतात. पण ते बायकांच्या मनगटाला कधी कुणी पटवलेलं नाही. साहेबाने स्वतःच्या तोंडाने ते बोलणं टाळलं आणि माझ्या तोंडात घातलं. मी बोललो.

"हातातलं काढ."

तिने माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"कुणाच्या नावानं काढू?"

मी खाली वाकून मशीन बंद केली. पाच मिनिटांचं काम हाय, उगा तमाशा करू नको, असं पुटपुटलो. साहेब पोत्यांवरचे शिक्के वाचून राहिले होते.

तिने हळदीचा दोरा मागितला. बांगड्या उतरायच्याच असतील तर मनगटाला निदान तेवढं तरी असावं म्हणून. तुरीच्या गोदामात हळदीचा दोरा कुठला? तिने एका पोत्याची सुतळी दातानं तोडली आणि दोन्ही मनगटांना बांधली. मग बांगड्या काढायला बसली. घामामुळं एकेक निघत गेली. दोन निघाल्या नाहीत, त्या वाढल्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. तुकडे तिने पदरात धरले, खाली पडू दिले नाहीत. मनगटावर रक्ताचा एक थेंब आला, तो सुतळीनं पिऊन टाकला.

कॅसेट मागं घ्या, त्यावरच परत भरा, साहेब म्हणाले. मी पार सुरुवातीला घेतली आणि बटन दाबलं. या वेळी तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. हात आवळलेले, गळाही आवळलेला. तीन ओव्या म्हणाली आणि थांबली. पुढच्या आठवत नाहीत म्हणाली. साहेबांनी हेडफोन काढले, रुमालानं कान पुसले आणि म्हणाले, आता कसं साफ आलं.

आता एक खरं लिहितो. बांगड्यांना ओला फडका गुंडाळला असता तर त्या वाजल्या नसत्या. कोपरापर्यंत सारून वर रुमाल बांधला असता तरी भागलं असतं. हे मला त्या वेळी माहीत होतं. उमरीकडच्या एका सप्त्यात एका बेताल टाळकऱ्याचे टाळ मी असेच फडक्याने गप्प केले होते. साहेबापुढं गडबडीत सुचलं नाही, असं मी पुढं सांगत आलो, तिलाही तेच सांगितलं. खोटं होतं. चांगलं सुचलं होतं. पण साहेबांनी काढायला सांगितलं होतं, गुंडाळायला नाही. साहेबाच्या बोलण्यात दुरुस्ती करणाऱ्या माईकवाल्याला पुढच्या समारंभाला कुणी बोलावत नाही. एवढ्यासाठी.

समारंभात कॅसेट माझ्याच भोंग्यातून वाजली. दुसरी ओवी चालू असताना पाहुण्यांची मोटार आली आणि साहेबांनी खुणेनं बंद करायला लावली. संपलं. नंतर ती कॅसेट त्यांनी मलाच देऊन टाकली. घरी मी ती एकदा लावली, तर बायको चुलीवरची भाकर तशीच सोडून बाहेर निघून गेली. भाकर जळली. तीन ओव्या झाल्या आणि मी बटन दाबलं. गाणं संपलं की खट्‌ बंद करायचं, मागची खरखर लोकांना ऐकू द्यायची नाही, ही धंद्याची सवय. त्यानंतर कॅसेट पेटीत गेली ती गेलीच.

गोदामातून त्या दिवशी ती परस्पर कासारणीकडं गेली होती. घरी आली तेव्हा हात भरलेले होते. पण माझ्यापुढं ती पुन्हा कधी गायली नाही. परसात गायची, लेकीला झोपवताना गायची. माझं पाऊल वाजलं की गप्प. मी कशासाठी जरा आवाज चढवला, की दोन्ही हात माझ्यापुढं करायची आणि विचारायची, का, काढू का हातातलं? आधी रागानं विचारायची. म्हातारपणी हसून विचारायला लागली. ते हसणं मला जास्त लागायचं.

गेल्या साली ती गेली. आमच्यात मातीत बसवून ठेवतात. बायकांनी तिला नेसवलं आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची हो, असं एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली. दुसरी म्हणाली, सोनं झालं. मला त्या दोघींची शिसारी आली. हात मांडीवर बांधून ठेवले होते. एवढ्या बांगड्या, आणि दारातून मातीपर्यंत एक वाजली नाही.

परवा लेक परत आली. म्हणाली, आप्पा, मायचा आवाज आणलाय, रेकॉर्डिंगच्या दुकानदाराने कॉम्प्युटरवर साफ करून दिला. तिने मोबाइल माझ्यापुढं धरला. खरखर नाही, घरघर नाही, पोत्यांचा दबकेपणासुद्धा नाही. बरणीत घालून झाकण लावलेला आवाज. मोकळ्या मनगटाची कुणी बाई गाऊन राहिली होती, आणि तिला तसं मी केलं होतं. बंद कर म्हणालो. लेकीच्या डोळ्यात पाणी आलं. सगळ्या पाहुण्यांपुढं ते लावायचं तिने ठरवलं होतं.

"तुम्हाला मायचा आवाज नको का?"

पाहिजे. दुसरं काहीच नको, तेवढाच पाहिजे. पण हा तिचा नव्हे, हे लेकीला कसं सांगावं मला कळेना. ती आपल्या दुकानदाराची बाजू घेऊन बोलत होती. लई चांगला माणूस हाय, पैसेसुद्धा घेतले नाहीत. शेवटी थोडं खराब होतं, तेपण त्याने काढून टाकलं.

खराब म्हणजे काय, मी विचारलं.

काच वाजल्यासारखं काहीतरी, आणि माणसं बोलतात, ती म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. पहिल्यांदा सहावी ओवी लागली होती, दुसऱ्यांदा तीनच झाल्या. नवं भरणं जुन्यापेक्षा आखूड होतं. जेवढ्यावर नवं भरलं तेवढंच जुनं पुसलं गेलं, त्यापुढचं जसंच्या तसं राहिलं. जन्म धंद्यात घातला आणि हे मला सुचलं नव्हतं. तीन ओव्यांनंतर बटन दाबायची ती माझी सवय. त्या बटनाच्या जरासंच पुढं माझी बायको बांगड्या घालून बसली होती, आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

पहिल्या एसटीने लेकीला घेऊन लातूर गाठलं. रस्ताभर एकच भीती, त्याने कॅसेट फेकली तर नसेल. आता कॅसेटी कोण ठेवतो? दुकान म्हणजे खुराडंच, भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा काळा फोम चिकटवलेला, आत शिरताच कानात बोळे घातल्यासारखं होतं. आमचं बारदान बरं होतं. कॅसेट त्याने खणात ठेवली होती. म्हणाला, बाबा, शेवटचं ते ऐकण्यासारखं नाही हो. मी म्हणालो, लाव.

तीन ओव्या झाल्या. खट्‌ वाजलं. मग तेच गोदाम, पण गळा मोकळा.

मिलोची गं भाकर, तांबड्या रंगाची
चव तिच्या घासाला, परक्या मुलखाची

खाली ठोका आणि बांगड्या, ठोका आणि बांगड्या. लेकीने माझं मनगट धरलं. हा आवाज तिने ओळखला. परसातला, तिला झोपवतानाचा. मी तो इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. सहाव्या ओवीत साहेब शिरले, थांबा म्हणाले. त्यांच्यामागून मी. तरुण, ताठ, साहेबाच्या बाजूचा. हातातलं काढ. मग ती, अगदी हळू. कुणाच्या नावानं काढू? मग मी दाबलेलं बटन, आणि पुढं खरखर.

दुकानदार भला माणूस होता. त्याला काही माहीत नव्हतं. पडद्यावरच्या रेघा दाखवत म्हणाला, बाबा, बांगड्या ठेवतो, खरखरपण ठेवतो, तुम्ही म्हणाल तसं. तो मधला माणूस तेवढा काढतो. लई कडू बोलतोय, कार्यक्रमात बरं दिसणार नाही. तेवढं काढलं की बाईंचा आवाज एकदम साफ होईल.

लेक खाली बघत होती. काढू द्या आप्पा, एवढंच म्हणाली. तिला तो आवाज ओळखता आला होता.

खोटं कशाला लिहू, घटकाभर मलाही वाटलं, काढू द्यावा. जन्मभर दुसऱ्यांचे नको ते आवाज काढले, त्या सगळ्यांत घाण हाच होता. एका बटनाचं काम होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "त्याला काढलास तर ती इचारती कुणाला?"

सोमवारी वर्ष आहे. पाहुणे येतील. भोंगा मीच बांधणार आहे, आणि या वेळी खरखर लागेपर्यंत बटनाला हात लावणार नाही.